गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांचे डिजिटल प्रशिक्षण: माहिती वर पाठवण्यापलीकडे काय?

डोंगरवाट (धागाकर्ती)

गावपातळीवर लोकशिक्षणाचे आणि युवकांसोबतचे काम करणाऱ्यांना डिजिटल कौशल्ये कशी मिळावीत, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. किशोरी गट आणि अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्या, 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात बचत गटांसोबत काम करणाऱ्या समुदाय संसाधन व्यक्ती, अंगणवाडी सेविका, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आणि लहान सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल ही मंडळी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. मी पालघर जिल्ह्याच्या डोंगरी भागात काम करणाऱ्या एका संस्थेत प्रशिक्षणाची बाजू सांभाळते.

माझे म्हणणे असे, की गेल्या आठ-दहा वर्षांत या मंडळींना 'डिजिटल प्रशिक्षण' या नावाखाली जे मिळाले, ते बहुतांशी वरच्या कार्यालयाला माहिती कशी पाठवायची याचे प्रशिक्षण होते. अंगणवाडीचेच पाहा. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाले तेव्हा एक ॲप होते. मार्च २०२१ पासून त्याच्या जागी 'पोषण ट्रॅकर' आले. २०२४ च्या जुलैत 'लाडकी बहीण' योजनेच्या अर्जांसाठी 'नारीशक्ती दूत' आले. आणि १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहाराच्या वाटपासाठी लाभार्थीची चेहरा ओळख बंधनकारक झाली. असे काही नवे आले, की तालुक्याला अर्ध्या दिवसाची बैठक होते, पडद्यावर चित्रे दाखवली जातात, 'येथे दाबा, मग येथे दाबा' असे सांगितले जाते आणि सह्या घेऊन सगळ्या घरी जातात. पुढच्या अपडेटमध्ये बटणाची जागा बदलली, की शिकलेले तेवढे वाया जाते.

जी गोष्ट एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर सोबत नेता येते, ती मात्र कोणी शिकवत नाही. उतरवून घेतलेली फाइल फोनमध्ये नेमकी कोठे गेली, खाते कोणाच्या नावावर आहे, ओटीपी कोणाच्या क्रमांकावर जातो, एखादे ॲप संपर्कयादीची परवानगी का मागते, आलेली बातमी खरी की खोटी हे कसे तपासायचे, जोडाक्षरांसह शुद्ध मराठीत चार ओळी कशा लिहायच्या, या त्या गोष्टी.

याचा युवकांशी संबंध कोठे येतो, तेही सांगते. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पूर्वी मुंबई महानगर क्षेत्र, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्यापुरती होती. २०२५-२६ पासून ती सबंध राज्याला लागू झाली. आमच्याकडे ज्या मुलांनी दहावीपर्यंत शाळेच्या बाहेर एकही अर्ज भरलेला नव्हता, त्यांना एकदम नोंदणी, भाग एक, भाग दोन आणि दहापर्यंत पसंतिक्रम अशा पायऱ्या चढाव्या लागल्या. बहुतेकांनी बाजारच्या दिवशी नेटकॅफे गाठला. तेथल्या माणसाने वेळ वाचावा म्हणून बऱ्याच अर्जांना स्वतःचाच मोबाइल क्रमांक लावला आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवला. पुढे पसंतिक्रम बदलायची वेळ आली, तेव्हा विद्यार्थी स्वतःच्याच अर्जाच्या दाराबाहेर उभे. त्यात पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि तेथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते, हा नियम कोणी समजावून सांगितलेला नव्हता. यादीतले पहिले नाव आले तसे क्रमांक एकवर टाकलेले होते.

येथे आमच्या कार्यकर्त्यांचा कस लागला. ज्यांना तीन-तीन शासकीय ॲप सराईतपणे चालवता येतात, त्यांनाही 'आधी क्रमांक बदलून घ्या, पासवर्ड मुलीच्या हाती द्या, मग तिच्याकडूनच क्रम लावून घ्या' हे सुचले नाही, कारण कोणत्याही प्रशिक्षणात त्यांनी दुसऱ्याला शिकवण्यासाठी फोन हातात घेतलेला नव्हता. तेव्हा प्रश्न असा, की असे शिक्षण नेमके कसे द्यावे, आणि ते झाले हे कशावरून ओळखावे?

नोंदवही

एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे, म्हणून थोडे लिहिते.

आपल्या म्हणण्याशी सहमत आहे, परंतु प्रशिक्षणाच्या आधी हत्याराचा आणि भाषेचा प्रश्न येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले, हे अनेकांना आठवत असेल. फोन जुने झाले होते, हँग होत, तापत, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी बसे. आणि नव्या ॲपमध्ये नावे इंग्रजीत भरायची होती. दहावी झालेल्या, वीस-वीस वर्षे अकरा नोंदवह्या चोख मराठीत लिहिणाऱ्या बाईला एका दिवसात 'डिजिटल अडाणी' ठरवले गेले. त्याच बाईने स्वतःच्या फोनवर मातांचा व्हॉट्सॲप गट चालवला होता, टाळेबंदीत मुलांसाठी गाण्यांचे व्हिडिओ पाठवले होते आणि बचत गटाचा हिशेबही फोनवर ठेवला होता.

म्हणून माझी सूचना अशी, की कोणत्याही प्रशिक्षणाआधी 'तुम्ही फोनवर आत्ता काय काय करता' हे विचारावे. उत्तर ऐकून प्रशिक्षकांनाच अभ्यासक्रम बदलावा लागेल.

मोजपट्टी

'झाले हे कशावरून ओळखावे' या प्रश्नाकडे वळतो, कारण आपल्याकडची मोठी गफलत तेथेच आहे.

महाराष्ट्राला संगणक साक्षरतेची चळवळ नवी नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले आणि 'एमएस-सीआयटी' हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने तो अभ्यासक्रम पसरला, परंतु त्यामुळेच अनेकांच्या लेखी तो फाइलला जोडायचा एक कागद होऊन बसला. केंद्राचे ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ मध्ये मंजूर झाले. ६ कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला २० तासांचे प्रशिक्षण हे त्याचे उद्दिष्ट होते, आणि मार्च २०२४ मध्ये ते संपले तेव्हा प्रशिक्षितांची संख्या ६.३९ कोटी म्हणून नोंदली गेली. म्हणजे उद्दिष्ट ओलांडले गेले. आता धागाकर्तींच्या तालुक्यात दहावीच्या मुलाच्या घरात असे एक प्रशिक्षित माणूस असण्याची शक्यता बरीच आहे. तरीही तो मुलगा नेटकॅफेत गेला. वीस तास बसल्याचे मोजले गेले, उठल्यावर काय करता आले हे मोजले गेले नाही.

युरोपीय आयोगाची 'डिजकॉम्प' नावाची डिजिटल क्षमतांची चौकट आहे, २०१३ पासूनची. २०२२ च्या आवृत्तीत तिच्यात पाच क्षेत्रांत मिळून २१ क्षमता आहेत: माहिती शोधणे आणि पारखणे, संवाद आणि सहकार्य, आशयनिर्मिती, सुरक्षितता, आणि अडचण सोडवणे. आपल्याकडची सगळी प्रशिक्षणे या पाचांपैकी फार तर दुसऱ्या क्षेत्राच्या एका कोपऱ्यात येतात. मी ही चौकट जशीच्या तशी आणा म्हणत नाही, पण एखाद्या संस्थेने तीतल्या पाच-सहा क्षमता निवडून, आपल्या कामाच्या भाषेत त्यांची वाक्ये करून घ्यावीत. उदाहरणार्थ, 'फॉरवर्ड आलेली शिष्यवृत्तीची लिंक खरी आहे की नाही, हे मी गटातील मुलींसमोर तपासून दाखवू शकते.' दाखवता आले, तर येते; नाही आले, तर नाही. प्रमाणपत्र कशाला हवे?

डोंगरवाट (धागाकर्ती)

नोंदवहीताई, मोजपट्टी, दोघांचेही आभार. ताईंनी सांगितलेला प्रश्न आम्ही पुढच्या बैठकीत विचारणार आहोत.

आम्ही सध्या काय करतो तेही लिहिते. कार्यशाळा जवळजवळ बंद केल्या आहेत. आठवड्याच्या बैठकीत एक तास फक्त 'काय अडले' यासाठी ठेवला आहे आणि त्यासाठी एक साधी वही केली आहे. या वहीत येणाऱ्या गोष्टी कोणत्याही अभ्यासक्रमात सापडणार नाहीत. जातीच्या दाखल्याचा फोटो ठरावीक केबीच्या आत बसत नाही. फोटो लहान केला तर अक्षरे वाचता येत नाहीत. पीडीएफ 'डाउनलोड झाली' म्हणते पण सापडत नाही. स्टोरेज भरले म्हणून काय पुसायचे ते कळत नाही, आणि भीतीपोटी काहीच पुसले जात नाही, मग शुभ सकाळच्या चित्रांखाली मुलांचे दाखले गाडले जातात. शेवटची अडचण सोडवताना आम्ही व्हॉट्सॲपमधले आपोआप उतरणारे फोटो बंद करणे, कागदपत्रांसाठी प्रत्येक मुलाच्या नावाचे वेगळे फोल्डर करणे आणि 'फाइल' म्हणजे काय, एवढे तीन विषय एका बैठकीत शिकवले. ते विसरले गेले नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी त्याचीच गरज होती.

एक नियम मात्र कडक केला आहे: फोन ज्याचा, बोट त्याचे. तरुण कार्यकर्ते उत्साहाने वयस्कर ताईंच्या हातातून फोन घेतात, दहा सेकंदांत काम उरकतात आणि परत देतात. ताईंचे काम होते, शिकणे होत नाही. आणि हीच सवय पुढे मुलांच्या बाबतीत लागते. शेजारी बसून तोंडाने सांगायचे, पडद्याला हात लावायचा नाही. सुरुवातीला वेळ तिप्पट लागतो, आणि बैठकीत चिडचिडही होते.

दूरदेशी

ग्लासगोमध्ये एका युवक केंद्रात काम करतो, त्यामुळे हा धागा अगदी जवळचा वाटला. स्कॉटलंडमध्ये लोकशिक्षण आणि युवाकार्य हे एकाच व्यवसायक्षेत्रात मोडतात. त्याचे मानक ठरवणारे स्वतंत्र मंडळ आहे आणि २०१३ च्या नियमांनुसार स्थानिक शिक्षण प्राधिकरणांना दर तीन वर्षांनी या कामाचा आराखडा करावा लागतो. अर्थात आराखडा असला म्हणजे कौशल्य आले असे नव्हे; येथेही टाळेबंदीत सगळे काम एकदम पडद्यावर गेले, तेव्हा अनेक अनुभवी सहकाऱ्यांची धांदल उडाली होती.

युरोपात या विषयावर जी चर्चा झाली, तीतली एक मांडणी उपयोगी वाटते. तंत्रज्ञान युवाकार्यात तीन प्रकारे येऊ शकते: साधन म्हणून, उपक्रम म्हणून आणि विषय म्हणून. गटाला निरोप पाठवण्यासाठी फोन वापरला, तर ते साधन. मुलांनी गावातल्या पाणवठ्यांचा नकाशा फोनवर केला किंवा आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, तर तो उपक्रम. 'या ॲपला आपला चेहरा का हवा आहे' किंवा 'हा व्हिडिओ मला पुन्हा पुन्हा का दिसतो' यावर गप्पा झाल्या, तर तो विषय. आमच्या केंद्रात कर्मचाऱ्यांना विषयाची भीती सर्वांत जास्त होती, कारण मुलांना आपल्यापेक्षा अधिक कळते असे त्यांना वाटे. मुलांना बटणे अधिक कळतात, एवढेच खरे होते. पैसे अडकवणारे खेळ, अनोळखी माणसाशी वाढलेली मैत्री, मित्राचा पाठवू नये असा फोटो, यांबद्दल निर्णय घ्यायला त्यांना प्रौढ माणूसच हवा होता, आणि ते कौशल्य आमच्या सहकाऱ्यांकडे आधीपासून होते.

कलमबहाद्दर

वकिली करतो, आणि दूरदेशींच्या शेवटच्या वाक्यावरून राहवले नाही म्हणून लिहितो. सुरक्षिततेचे प्रशिक्षण 'पासवर्ड कोणाला सांगू नका' एवढ्यावर थांबते. मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी ते पुरेसे नाही.

एक प्रसंग घ्या. किशोरी गटातील पंधरा वर्षांची मुलगी ताईंना सांगते, की तिचा एक फोटो मुलांच्या गटात फिरतो आहे. चांगल्या हेतूने ताई म्हणतात, 'मला पाठव, मी बघते.' हे अजिबात करू नये. असे चित्र अश्लील स्वरूपाचे असेल, तर ते पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब नुसार गुन्हा आहे, आणि ते पाहणे वा बाळगणे हेही पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे. चित्र स्वतःच्या फोनवर न घेता खात्याचे नाव, लिंक, तारीख आणि वेळ कागदावर लिहून घ्यावी. पॉक्सोच्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे, म्हणून 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन मुलीला देऊ नये. 'तुझ्यासोबत राहीन' असे द्यावे. १०९८ ही बालकांची मदतवाहिनी आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर महिला व बालकांविषयीच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग असून नाव न देताही तक्रार करता येते. १९३० हा क्रमांक प्रामुख्याने आर्थिक फसवणुकीसाठी आहे. पैसे गेले तर पहिल्या तासाभरात तो लावणे महत्त्वाचे. अठरा वर्षांखालील मुलांची चित्रे हटवण्यासाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. तीत मूळ चित्र कोणालाही पाठवावे लागत नाही, फोनवरच त्याची एक सांकेतिक खूण तयार होऊन तेवढीच पुढे जाते.

दुसरी बाब संस्थांची स्वतःची आहे. देणगीदाराला दाखवण्यासाठी मुलींचे ठिकाणासह फोटो काढून गटावर टाकण्याची जी रीत पडली आहे, तिचा फेरविचार करावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. हजेरीपटावर घेतलेली एक सामाईक सही ही संमती म्हणून चालणार नाही.

उन्हाळकांदा

सगळे वाचले. विरोधाचा सूर लावतो, त्याबद्दल क्षमस्व.

कार्यकर्तीला फोन चांगला येऊ लागला, की तिच्यावर काय येते ते पाहा. 'लाडकी बहीण'चे अर्ज भरायला सेविकांना प्रति अर्ज ५० रुपये जाहीर झाले होते. म्हणजे शासनालाही मान्य आहे, की हे मूळ कामाच्या बाहेरचे काम आहे. नवभारत साक्षरता कार्यक्रमातील निरक्षरांच्या सर्वेक्षणावर २०२३ मध्ये शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला, तोही याच कारणाने. आशाताईंच्या संपातही ऑनलाइन कामांवर बहिष्कार हा मुद्दा होता. माझी पत्नी गावात बचत गटांचे काम करते. तिला फॉर्म भरता येतो हे कळल्यापासून संध्याकाळी ओसरीवर रांग असते, रिचार्ज तिचा, आणि अर्ज नामंजूर झाला तर शिव्याही तिलाच. तुम्ही तिला आणखी कुशल करणार. तिचे मानधन कोण वाढवणार?

डोंगरवाट (धागाकर्ती)

क्षमस्व म्हणण्याचे कारण नाही. हा मुद्दा यायलाच हवा होता, आणि तो केवळ मानधनाचा नाही. कुशल कार्यकर्ती ही गावाचे फुकटचे सेतू कार्यालय होते, हे आम्हीही पाहतो. त्यावर आमच्याकडे दोन गोष्टी ठरल्या आहेत. पहिली, कार्यकर्ती कोणाचाही अर्ज भरत नाही. अर्ज भरणाऱ्याच्या शेजारी बसते. कोणाचा पासवर्ड लिहून ठेवत नाही आणि कोणाचा ओटीपी विचारत नाही. हे मोठ्या अक्षरांत लिहून अभ्यासिकेच्या भिंतीवर लावले आहे, म्हणजे नाही म्हणायचे ओझे तिच्या एकटीवर राहत नाही. दुसरी, डेटाचा खर्च आणि 'काय अडले' या तासाचा वेळ संस्थेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीने दाखवला जातो. देणगीदारांना ती ओळ पटवून द्यावी लागते. सगळ्यांना पटते असे नाही.

शासकीय व्यवस्थेतील ताईंच्या हाती यातले काहीच नाही, हे मान्य. तेथे संघटनेनेच बोलायला हवे.

ग्रंथसेवक

उन्हाळकांदा यांच्या ओसरीवरील रांगेसाठी एक जागा सुचवतो. राज्यात १९६७ च्या कायद्याखाली शासनमान्य अशी अकरा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये आहेत. बहुतेक 'क' आणि 'ड' वर्गातली, अर्धवेळ ग्रंथपालाची, तुटपुंज्या अनुदानावरची. पण त्यांच्याकडे एक खोली, एक टेबल, ठरलेली वेळ आणि गावाचा विश्वास आहे. अनेक ठिकाणी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या साहाय्यातून आलेला संगणकही आहे, प्लास्टिकच्या आवरणाखाली.

आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी मुले आपापले फोन घेऊन बसतात. मी फार जाणकार नाही. सुरुवात मराठी लिहिण्यापासून केली. जुन्या संगणकावरचा मजकूर वेगळ्या फॉन्टमध्ये होता, मेलने पाठवला की पलीकडे नुसती चिन्हे दिसत. युनिकोड म्हणजे काय हे त्यातूनच सगळ्यांना कळले. आता बोलून टंकलेखन करतात. फोन ऐकून लिहितो, पण 'तहसीलदार' नीट लिहितो आणि आमच्या पाड्याचे नाव हमखास चुकवतो. मग मुले दुरुस्त करतात, आणि यंत्राने लिहिलेले वाचून पाहावे लागते हा धडा वेगळा द्यावा लागत नाही.

नोंदवही

धागाकर्तींना विनंती: 'काय अडले' वहीतील नोंदी, नावे वगळून, येथे देता येतील का? आमच्या बीटमधल्या (माझ्याकडे असलेल्या अंगणवाड्यांच्या गटातल्या) सेविका आजही मला फोन करतात आणि बहुतेक प्रश्न तेच असतात. कलमबहाद्दर यांनी सांगितलेला भागही एका पानावर, मराठीत, छापता येईल असा हवा आहे.

डोंगरवाट (धागाकर्ती)

नक्की. वहीतील नोंदी विषयवार लावून येत्या रविवारपर्यंत याच धाग्यावर टाकते. कलमबहाद्दर, मुलांच्या चित्रांविषयीच्या पानाचा कच्चा मसुदा मी करते. कलमे आणि क्रमांक आपण तपासून द्यावेत. ग्रंथसेवक, शनिवारच्या बैठकीला आमच्या दोन कार्यकर्त्या आल्या तर चालेल का? त्या काही शिकवणार नाहीत, बसून पाहतील.

ग्रंथसेवक

अवश्य यावे. मात्र साडेपाचच्या आत यावे. सहानंतर आमच्याकडे वीज बहुधा जाते.